घंटा वाजवणारं मनगट

गोल्फ आमच्या घरात शिरला तो भूमिपूजनातून. हसू नका. नाशकात विहीर असो, बंगला असो, वाइनरी असो, काहीही सुरू करायचं तर आधी गुरुजी लागतात, आणि आमचे हे गुरुजी. पिढीजात भिक्षुकी. गंगेवर सासऱ्यांची बसायची जागा होती, ती आता ह्यांची. गंगा म्हणजे गोदावरी, पण नाशिककराच्या तोंडी ती गंगाच. मी मात्र शाळेत पीटीची बाई होते. आमच्या घरात एकाच खुंटीला ह्यांचं उपरणं आणि माझी शिट्टी टांगलेली असायची.

पण गोष्ट सुरू होते ती भूमिपूजनाच्या थोडी आधी, सासऱ्यांच्या श्राद्धाच्या दिवशी. श्रावणात त्यांची तिथी असते. त्या वर्षी सांगायला ह्यांचे एक स्नेही गुरुजी आले होते. श्राद्धात उठ-बस फार. प्रत्येक वेळी हे जमिनीला हात टेकून, कण्हत उठत होते. शेवटी पिंडदान झालं आणि हे उठेचनात. डावा पाय बधिर, कंबर धरलेली. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने ते गुरुजी, असं आम्ही दोघांनी ह्यांना पाटावरून उचललं. हे कुणाकडे बघेनात. बापाच्या श्राद्धाला लेकाला उचलावं लागलं, ही गोष्ट ह्यांना कंबरेपेक्षा जास्त दुखली, आणि ते मला दिसत होतं.

डॉक्टरांनी फोटो काढले, पाय उचलून बघितला, सुयांनी टोचून बघितलं. कापाकापी करण्यासारखं काही नाही म्हणाले. पण जमिनीवर बसणं बंद, खुर्चीवर बसून पूजा सांगा.

"यजमान खाली पाटावर आणि मी वर खुर्चीवर?" घरी आल्यावर हे कडाडले. "मी काय तहसीलदार आहे?"

आणि मग जी गोष्ट खरी होती ती बोलले. "अगं, सिंहस्थ तोंडावर आलाय."

बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. त्या वर्षी देशभरातून माणसं आमच्या गंगेवर येतात आणि भिक्षुकाचं आयुष्य सिंहस्थांवर मोजलं जातं. ह्यांचं म्हणणं होतं, "हा एक माझ्या हातात आहे. पुढचा येईपर्यंत मी असलोच तर चारजण धरून आणतील. वडील शेवटच्या सिंहस्थात जमिनीवर बसले होते. मीही जमिनीवरच बसणार." त्यानंतर ह्यांनी तोंड मिटलं ते जवळजवळ दिवाळीपर्यंत.

मी काय गप्प बसणारी? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना वाकवलं, ह्यांना नाही वाकवणार? चटई टाकली, व्यायाम दाखवले, टाळ्या वाजवल्या, ओरडले. हे दोन दिवस करायचे आणि तिसऱ्या दिवशी ह्यांना नेमकं कुणाचं तरी वास्तुपूजन निघायचं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! शाळेत माझ्या एका शिट्टीवर अख्खं मैदान सरळ उभं राहायचं, आणि घरात एक माणूस वाकायला तयार नाही.

अशात निफाडकडच्या एका यजमानांचा फोन आला. द्राक्षबागेचा एक तुकडा मोडून तिथे गोल्फच्या सरावाचं मैदान करायचंय, भूमिपूजनाला या. मी मुद्दाम बरोबर गेले. कारण सांगते. नाशकात शहराच्या मधोमध एक मैदान आहे, त्याला सगळे गोल्फ क्लब म्हणतात. तिथे मी वर्षानुवर्षं सकाळच्या फेऱ्या मारल्यात. पळणारे बघितले, प्राणायाम करणारे बघितले, गवती चहा विकणारे बघितले. गोल्फ खेळणारा एक माणूस दिसेल तर शपथ. तेव्हा म्हटलं, एकदा बघू तरी हा गोल्फ असतो कसा.

पूजा झाली. ह्यांनी खुर्चीवर बसूनच सांगितली आणि सबंध वेळ चेहरा असा केला होता की जणू शिक्षा भोगतायत. नारळ फुटल्यावर यजमानांनी एक काठी आणि एक पांढरा चेंडू आणला. "पहिला मान गुरुजींचा."

ह्यांनी धोतराचा सोगा खोचला, काठी धरली, आणि हाणली. चेंडू जागचा हलला नाही. पुन्हा हाणली. मातीचं ढेकूळ उडालं, चेंडू तिथेच. मंडळी आदराने हसू दाबत होती. पुढच्या वेळी लागला, पण सरपटत डावीकडे गेला आणि थेट पूजेच्या कलशावर आदळला.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "काय हो, कलशातल्या वरुणाशी काही जुनं भांडण आहे का?"

हे हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चेंडू जागच्या जागी होता. मीही जागच्या जागी होतो. मग लागला का नाही?"

अगंबाई! किती महिन्यांनी ह्यांच्या तोंडून एक धड प्रश्न बाहेर पडला होता. मला इतका आनंद झाला की पुढची चेष्टा गिळून टाकली.

होळीपर्यंत ते मैदान तयार झालं. गवत, जाळ्या, उभं राहायला चटया. शिकवायला एक सुभेदार ठेवले होते, मूळचे देवळ्याचे, घरी कांद्याची शेती. फौजेत असताना साहेबांबरोबर खेळून खेळून गोल्फ शिकलेले. ह्यांनी मला सांगून टाकलं की यजमानांचा आग्रह मोडवत नाही, म्हणून जातो. आग्रह कसला! यजमानांनी एकदा म्हटलं होतं, हे आठवड्यातून दोनदा जायला लागले. ट्रॅकपँट, टोपी, टोपीखाली शेंडी. मी फिजिओथेरपीच्या बाईंना आधी विचारून आले. त्या म्हणाल्या, वळू द्या, पण कंबरेतून नको, खुब्यातून वळू द्या. हे वाक्य तेव्हा मला कळलं असं वाटलं होतं. खरं तर कळलं नव्हतं.

मी जाळीमागे खुर्ची टाकून बसायचे. माझे गुडघे गेलेत, उभं राहवत नाही. पण नजर गेलेली नाही. पीटीच्या बाईला माणूस आधी चालताना दिसतो, मग त्याचं तोंड दिसतं.

सुभेदार सांगायचे, "गुरुजी, डावा हात मालक हाय. उजवा नुसता गडी. मालकानं पुढं चालायचं."

हे मान डोलवायचे, काठी मागे न्यायचे, आणि मागे न्यावी तर ह्यांनीच! इतकी सुंदर, संथ, लांब की सुभेदार म्हणायचे, "वा!" आणि मग काठी खाली यायची आणि सगळं विस्कटायचं. चेंडू एकतर डोक्यावर टपली बसून सरपटायचा, नाहीतर डावीकडच्या जाळीत. हे काठी बदलून बघायचे, चटई बदलून बघायचे, एकदा तर चेंडूच हलका आहे म्हणाले. मी मागून म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" सुभेदार तोंड फिरवून हसले.

"मागं जाताना येकदम बरोबर, बाई," मला म्हणाले, "पुढं येताना काय होतं तेच कळत नाय. मनगट मोडतं ऐन टायमाला."

मनगट का मोडतं? हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच. मी फोनवर चित्रण केलं आणि घरी सावकाश करून बघत बसले. काठी चेंडूपाशी येते, आणि नेमकं त्या क्षणी डावं मनगट सैल पडून एक झटका देतं. कुठेतरी बघितलाय हा झटका, असं वाटत राहिलं. भाजी निवडताना आठवेना, अंघोळ करताना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात आरती चालली होती. ह्यांच्या उजव्या हातात निरांजन. आणि डाव्या हातात घंटा.

मी आरती संपायची वाट बघितली नाही. "अहो, तुम्ही तिथे घंटा वाजवता!"

हे आरती म्हणतच माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मला वेड लागलंय. पण मला पक्कं दिसत होतं. मुंज झाल्यापासून ह्या माणसाचा उजवा हात कामाचा, आणि डावा हात घंटेचा. उजव्याने गंध, उजव्याने अक्षता, उजव्याने निरांजन, आणि तो पुढे झाला की डावं मनगट सैल सोडून हलवायचं. इतकी वर्षं रोज! आता काठीला उजवा हात पुढे आला की डावं मनगट बिचारं आपलं काम करणारच. त्याला काय माहीत, समोर देव आहे की चेंडू.

आरती संपल्यावर फोन ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी बघितलं. मग घंटा उचलून हळूच हलवली, मनगटाकडे बघितलं, पुन्हा फोनकडे बघितलं. "खरंच की गं," म्हणाले, लहान मुलासारखे. ह्यांना राग आला नाही. स्वतःच्या हाताबद्दल इतकं कुतूहल मी ह्या घरात प्रथमच बघत होते.

मग मी शाळेतली जुनी फूटपट्टी काढली आणि डाव्या मनगटाच्या मागे रुमालाने बांधली. मनगट मागे मोडलं की पट्टी टोचायची. सुभेदारांना कल्पना पसंत पडली. चेंडू सरळ जायला लागले, लांब नाही, पण सरळ. घरात मात्र भलताच घोळ झाला. देवघरातली घंटा बोबडी झाली. नेहमी कशी खळखळून वाजायची, ती आता थांबून थांबून एकेक टोला द्यायला लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "घंटा नवी घेतलीत का?" हळूहळू ह्यांना जमलं, देवघरात एक मनगट आणि मैदानावर दुसरं. शरीराला दोन भाषा बोलता येतात तर.

पण मूळ दुखणं तसंच होतं. मैदानावरून आले की हे पलंगाच्या कडेला वाकून बसायचे. चेंडू सरळ, माणूस वाकडा. मी घाबरले. सिंहस्थ राहिला बाजूला, ह्या खुळापायी अंथरूण धरतील असं वाटायला लागलं. तरी हे जायचं थांबवेनात. एक दिवस मी स्वयंपाकघरात ह्यांना स्टुलावर बसवलं, खांद्यांवर आडवा झाडू दिला आणि म्हटलं, पाय न हलवता वळा. उजवीकडे वळले ते पार फ्रिजच्या मागचं जाळं दिसेपर्यंत. म्हटलं, आता डावीकडे. ओट्याच्या कोपऱ्यापाशी अडकले.

"पुढे."

"पुढे नाहीच आहे काही," हे म्हणाले.

मग पालथं झोपवलं, गुडघ्यात पाय वर घेतले आणि पावलं बाहेरच्या बाजूला पाडून बघितली. लाकूड! एवढी वर्षं मांडी घालणारा माणूस, खुबे बाहेरच्या अंगाला कसे कमळासारखे उघडतात, आणि आतल्या अंगाला वळायचं पार विसरलेत. त्यात डावा जास्त. फिजिओच्या बाईंचं वाक्य आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजाडलं. डावा खुबा वळत नाही, म्हणून त्याचं काम कंबर करते. चेंडू मारतानाही तेच आणि पाटावर बसल्या बसल्याही तेच.

आणि का वळत नाही, हेही दिसायला लागलं. पूजेचं ताट उजवीकडे. समया उजवीकडे. प्रदक्षिणा उजवीकडे. पूजा संपल्यावर स्वतःभोवती फिरायचं तेही उजवीकडेच. काठी मागे नेताना हे इतके सुंदर का वळतात याचं उत्तर मिळालं, तो वळसा उजवीकडचा. चेंडू मारून पुढे जाताना डावीकडे वळायचं, आणि तिकडे जन्मात कधी गेलेच नाहीत.

म्हटलं, सोपं आहे. रोज तुळशीभोवती डावीकडून फिरायचं.

"उलटी प्रदक्षिणा?" हे दचकलेच. "तुळशीला? वेड लागलंय का तुला!"

"बरं, तुळशीला नको. बादलीला घाला."

"बादलीत पाणी असतं. नाशकात पाणी म्हणजे गंगा."

"मग रिकाम्या बादलीला घाला!"

"ते पायांना कसं कळणार, बादली रिकामी आहे ते?"

मी कपाळावर हात मारला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, आणि इथे तर पीळ अक्षरशः कंबरेत बसलेला. आठवडाभर आमचा अबोला. हे मैदानावर जायचे, उजवीकडे मजेत वळायचे, डावीकडे अडकायचे, आणि घरी येऊन वाकून बसायचे. मला रडूच यायचं रागाने. उत्तर समोर आहे, आणि माणूस त्याला प्रदक्षिणा घालत नाही.

मग एका दुपारी हे गंगेवरून आले. बाहेरगावच्या कुणाचं तरी पिंडदान सांगून आले होते, खुर्चीवर बसून. चहाचा कप हातात घेऊन तसेच थांबले.

"अगं, एक गंमत सांगू? पितरांच्या कामात सगळं उलटंच असतं. जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचं, पाणी फिरवायचं ते डावीकडून. आज यजमानाला सांगत होतो, अहो, उजवीकडून नव्हे, डावीकडून. आणि सांगता सांगता वाटलं, मी आयुष्यभर लोकांच्या बापांसाठी डावीकडे वळत आलोय. पण नुसता हात वळतो. मी कुठे वळतो?"

मी गाळणं विसळत राहिले. बोलले असते तर बिघडवलं असतं.

"डावं वळण पितरांचं," हे म्हणाले. "त्यांच्यासाठी वळायला हरकत नाही."

त्या दिवसापासून संध्याकाळी गच्चीवर, तुळशीपासून लांब, हे डावीकडे वळायला शिकू लागले. आधी माझा हात धरून, डाव्या पायावर उभं राहून, नुसतं पोट डावीकडे न्यायचं. मग उताणं पडून गुडघे आत पाडायचे. मग हळूहळू फेऱ्या. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, गुरुजी एखादं कडक अनुष्ठान करतायत. तसं बघितलं तर होतंच ते. ज्येष्ठ सरला तेव्हा झाडू खांद्यावर घेऊन हे ओटा ओलांडून खिडकीपर्यंत गेले होते. कंबर अजून कुरकुरायची, पण वाकून बसणं थांबलं.

आषाढात एका सकाळी मैदानावर तो चेंडू गेला. पावसाने उघडीप दिली होती. काठी मागे गेली, खाली आली, आणि ह्यांचं पोट, खांदे, सगळं वळून समोर बघायला लागलं. आवाज असा झाला की मी खुर्चीतून उठलेच, गुडघेबिडघे विसरून. चेंडू द्राक्षबागेच्या दिशेने उंच गेला आणि बराच वेळ खाली येईना.

सुभेदार म्हणाले, "आता बगा! लय भारी!"

हे मात्र आपल्या हातांकडे बघत होते. "लागला असं वाटलंच नाही," म्हणाले. "काहीच वाटलं नाही. म्हणजे इतके दिवस जे वाटत होतं, ती सगळी चूक होती?"

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मग, सिंहस्थात बसणार ना जमिनीवर?"

"आधी श्राद्धाला बसू दे," हे म्हणाले.

श्रावणात तिथी आली. तेच स्नेही गुरुजी सांगायला आले. त्यांनी एक खुर्ची भिंतीशी आणून ठेवली, आणि ह्यांनी ती उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. पाट मांडला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. आमटी उतू गेली तरी माझं लक्ष नाही. ह्यांनी ताट उजवीकडे न ठेवता समोर ठेवलं होतं, ते मी लगेच टिपलं. उठ-बस सुरू झाली. दर वेळी हे एक गुडघा टेकवून, डावा पाय आत घेऊन, सावकाश उठायचे. कण्हणं नाही.

पिंडदान झालं. गेल्या वर्षी इथेच अडलं होतं. मी नकळत पुढे गेले आणि ह्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून हात पुढे केला, जसा वर्षभर करत आले होते. घरात, देवळात, गंगेच्या पायऱ्यांवर, कुठेही हे बसले की तो हात तिथे असायचाच.

ह्यांनी पिंडांना नमस्कार केला. बराच वेळ वाकून राहिले. मग डावा पाय आत घेतला, डावीकडे वळले, आणि उठले. सरळ. हात न टेकता, कुणाला न धरता. स्नेही गुरुजी मंत्र म्हणायचे विसरले. माझ्या डोळ्यांना धार लागली, पदर तोंडाशी धरला तरी थांबेना. श्राद्धाच्या दिवशी इतका आनंद होणं बरं नव्हे, पण झाला त्याला काय करू!

ह्यांनी जानवं डाव्या खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. माझा हात तसाच पुढे होता.

"हा कशाला?" ह्यांनी विचारलं.

"सवय," मी म्हणाले.

आता हे गंगेवर जमिनीवर बसतात. सिंहस्थासाठी घाटाचं काम चाललंय, चोहीकडे धूळ आहे, तरी पाट स्वतः उचलून नेतात. कधी मी बरोबर गेले आणि पूजा संपत आली की माझा हात आपोआप पुढे जातो. हे त्याच्याकडे बघतात, हसतात आणि आपले आपण उठतात.